इंग्रजी लेखनातली शब्दसंपदा: आधी मोजा, मग बदला

निबंध लिहून झाला की समानार्थी कोश उघडायचा आणि दिसेल त्या सोप्या शब्दाच्या जागी अवघड शब्द बसवायचा. ही पद्धत इतकी रुळली आहे की तपासताना दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच ती ओळखू येते. एका विद्यार्थ्याने मला लिहून दिलं होतं, 'द गव्हर्न्मेंट शुड अमेलिओरेट द रोड्स.' त्याला म्हणायचं होतं, रस्ते सुधारा. 'अमेलिओरेट' म्हणजे सुधारणे, हे कोशात बरोबरच आहे. पण तो शब्द परिस्थितीशी, हालअपेष्टांशी, वाईट परिणामांशी जातो, खडी-डांबराशी नाही. गंमत म्हणजे त्याने आधी 'इम्प्रूव्ह' असंच लिहिलं होतं. खोडलेलं कागदावर स्वच्छ दिसत होतं.

त्याची गफलत क्रमात होती. काय कमी आहे हे न तपासताच त्याने औषध घेतलं. खाली दिलेला क्रम स्वतःच्या लेखनावर वापरायचा आहे. शिक्षक असाल तर विद्यार्थ्यांच्या वह्यांवरही चालेल.

## सुरू करण्याआधी: तीन गोष्टींची गल्लत नको

विस्तार म्हणजे लेखनात किती वेगवेगळे शब्द आले. पातळी म्हणजे त्यातले किती शब्द रोजच्या, सगळ्यांना येणाऱ्या शब्दांच्या पलीकडचे आहेत. आणि अचूकपणा म्हणजे ते शब्द जागेवर बसले की नाही. एखाद्याचा विस्तार चांगला असतो पण सगळे शब्द साधेच असतात. दुसरा चार भारी शब्द पाठ करून येतो आणि तेच चार पानभर फिरवतो.

सीईएफआर ही युरोपीय परिषदेची भाषापातळ्यांची चौकट २००१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातही शब्दांचा विस्तार आणि शब्दांवरचं नियंत्रण यांच्या मोजपट्ट्या वेगवेगळ्या आहेत. आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या लेखन विभागात चार निकष आहेत आणि चौघांना सारखंच वजन. म्हणजे शब्दसंपदेच्या वाट्याला २५ टक्के येतात. पण चुकीच्या जागी बसवलेला शब्द वाक्याचा अर्थच बिघडवतो, आणि मग बाकीच्या निकषांतही गुण जातात.

## टप्पा १: नमुने गोळा करा

स्वतःचे तीन निबंध घ्या, प्रत्येकी साधारण २५० शब्दांचे. तिन्ही एकाच प्रकारचे हवेत: तिन्ही मतप्रदर्शनाचे किंवा तिन्ही वर्णनाचे. एक पत्र, एक गोष्ट आणि एक निबंध असा मिसळीचा माल घेतलात, तर आकड्यांतला फरक लेखनप्रकारामुळे पडला की तुमच्यामुळे, हे कधीच कळणार नाही.

निबंध शब्दकोशाशिवाय, एका बैठकीत लिहिलेले हवेत. शिक्षकांनी दुरुस्त केलेली प्रत चालणार नाही. मोबाइलवर टाइप करत असाल तर पुढचा शब्द सुचवणारी सोय बंद करा. ती नेहमी सगळ्यात वापरातला शब्द पुढे करते आणि तुम्ही तो उचलता.

तपासणी: नमुना वाचताना 'हे वाक्य मी कुठेतरी पाठ केलं होतं' असं वाटलं, तर ते वाक्य बाजूला काढा. पाठ केलेली प्रस्तावना मोजून स्वतःला फसवायचं कशाला?

## टप्पा २: मजकूर साफ करा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि पुढचा सगळा हिशेब त्यामुळेच चुकतो.

मोजण्याआधी तीन प्रकारचे शब्द वेगळे काढा. पहिले, विशेषनामं: माणसांची, गावांची, संस्थांची. दुसरे, प्रश्नातून जसेच्या तसे उचललेले शब्दगट; परीक्षक ती भाषा तुमची धरत नाहीत, तुम्हीही धरू नका. तिसरे, स्पेलिंग चुकलेले शब्द. शब्द मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला चुकलेलं स्पेलिंग ओळखता येत नाही, त्यामुळे ते त्याला दुर्मीळ शब्दांच्या खात्यात टाकतं. मी पहिल्यांदा एका वर्गाचे निबंध असे मोजले, तेव्हा सगळ्यात 'समृद्ध' शब्दसंपदा निघाली ती सर्वांत जास्त स्पेलिंग चुकवणाऱ्या मुलाची. दोन दिवस मी त्याचं कौतुक करत होतो.

## टप्पा ३: विस्तार मोजा

एकूण शब्द मोजा. मग वेगवेगळे शब्द मोजा. 'द' वीस वेळा आला तरी तो एकच. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. प्रत्यक्ष करून बघू. हा एका निबंधातला तुकडा:

'मेनी पीपल थिंक दॅट सोशल मीडिया इज बॅड. सोशल मीडिया इज बॅड बिकॉज पीपल वेस्ट टाइम ऑन सोशल मीडिया. पीपल शुड यूज सोशल मीडिया फॉर गुड थिंग्ज.'

एकूण शब्द २७, वेगवेगळे १७. गुणोत्तर ०.६३. 'सोशल' आणि 'मीडिया' चार-चार वेळा, 'पीपल' तीनदा. आता हाच मुद्दा असा लिहिला:

'मेनी पीपल ब्लेम सोशल मीडिया फॉर वेस्टिंग देअर टाइम. इट कॅन, हाउएव्हर, बी पुट टू बेटर यूज.'

एकूण १७, वेगवेगळेही १७. गुणोत्तर थेट १. कोशात बघावा लागेल असा एकही शब्द यात नाही. जे बदललं ते असं: वाक्यं जोडली गेली, 'सोशल मीडिया'ची जागा एका ठिकाणी 'इट'ने घेतली, आणि 'ब्लेम समवन फॉर', 'पुट टू यूज' या दोन तयार घड्या, म्हणजे नेहमी एकत्र येणारे शब्दगट, आल्या.

इशारा: ते १ बघून हुरळून जाऊ नका. मजकूर जितका छोटा, तितकं हे गुणोत्तर फुगतं. लांबी वाढली की 'द', 'ऑफ', 'इज' पुन्हा पुन्हा येतातच आणि आकडा आपोआप खाली येतो. म्हणून १५० शब्दांच्या पत्राची ४०० शब्दांच्या निबंधाशी अशी तुलना करायची नाही. दोन उपाय आहेत. एक, प्रत्येक निबंधाचे पहिले २०० शब्दच मोजा. दोन, एकूण शब्दांऐवजी त्यांच्या वर्गमुळाने भागा. याला गिरो निर्देशांक म्हणतात.

समजा, २५० शब्दांत १२५ वेगळे आहेत आणि दुसऱ्या निबंधात ५०० शब्दांत २००. साधं गुणोत्तर सांगेल ०.५ वरून ०.४ वर घसरलात. वर्गमुळाने भागलं तर ७.९ वरून ८.९ वर चढलात. लांबीच्या प्रश्नावर याहून काटेकोर उपाय म्हणजे एमटीएलडी हे शब्दवैविध्याचं माप. मॅकार्थी आणि जार्व्हिस यांनी २०१० साली त्याची तपासणी प्रसिद्ध केली. पण तो हाताने काढायच्या फंदात पडू नका, ते काम संगणकाचं.

तपासणी: 'गो', 'गोज', 'वेन्ट' हे तुम्ही एक धरलेत की तीन? दोन्ही चालतं. मात्र पहिल्या दिवशी ठरवा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि शेवटपर्यंत बदलू नका.

## टप्पा ४: पातळी मोजा

लाउफर आणि नेशन यांनी १९९५ साली मांडलेली पद्धत अजूनही सगळ्यात सोयीची आहे. लेखनातले शब्द चार खात्यांत वाटायचे: इंग्रजीतले सर्वाधिक वापराचे पहिले १००० शब्द, पुढचे १०००, शैक्षणिक शब्दयादीतले, आणि या तिन्हींत नसलेले. लॉरेन्स अँथनी यांचं अँटवर्डप्रोफायलर हे मोफत सॉफ्टवेअर ही वाटणी क्षणात करून देतं.

शैक्षणिक शब्दयादी म्हणजे अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली ५७० शब्दकुटुंबांची यादी (शब्दकुटुंब म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं). ती पाठ करणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा: शैक्षणिक मजकुरात या यादीतले शब्द साधारण १० टक्के जागा व्यापतात, कथा-कादंबऱ्यांत जेमतेम १.४ टक्के. मित्राला लिहिलेल्या पत्रात किंवा सहलीच्या वर्णनात 'फॅसिलिटेट' आणि 'सबसिक्वेंट' पेरले, तर पातळी वाढत नाही, पत्र सरकारी परिपत्रकासारखं वाटायला लागतं.

याद्यांची आणखी एक मर्यादा आहे. त्या शब्द बघतात, अर्थ बघत नाहीत. 'रन' म्हणजे धावणे आणि 'रन अ बिझनेस' म्हणजे धंदा चालवणे. सॉफ्टवेअरला दोन्ही पहिल्या हजारातले. वाचणाऱ्याला मात्र दुसरा प्रयोग बघून कळतं की हा माणूस इंग्रजीत मुरलाय. केंब्रिजच्या इंग्लिश व्होकॅब्युलरी प्रोफाइलमध्ये एकाच शब्दाच्या वेगवेगळ्या अर्थांना वेगवेगळी सीईएफआर पातळी दिलेली असते. सॉफ्टवेअरचा अहवाल आला की दहा-बारा साधे शब्द तिथे अर्थासकट बघा. माझ्या मते इथेच सगळ्यात स्वस्तात प्रगती होते: नवा शब्द न शिकता जुन्याचाच दुसरा अर्थ वापरात आणायचा.

## टप्पा ५: काय बदलायचं आणि काय नाही, ते ठरवा

तीनपेक्षा जास्त वेळा आलेल्या प्रत्येक शब्दाला गोल करा. 'द', 'अँड', 'टू' वगैरे सोडून द्या. उरलेल्यांचे दोन ढीग होतील.

पहिला ढीग विषयाच्या शब्दांचा. निबंध प्रदूषणावर असेल तर 'पोल्यूशन' येणारच, येऊ द्या. 'पोल्यूशन'च्या जागी एकदा 'कन्टॅमिनेशन', मग 'टॉक्सिसिटी', मग 'फिल्थ' असं फिरवलं की वाचणाऱ्याला वाटतं, तुम्ही चार वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय.

दुसरा ढीग आळशी शब्दांचा: 'व्हेरी', 'गुड', 'बॅड', 'थिंग', 'इम्पॉर्टंट', 'गेट', 'अ लॉट ऑफ', 'मेनी पीपल'. पेन फक्त यांच्यावर चालवायचं.

## टप्पा ६: बदल या क्रमाने करा

समानार्थी शब्द सगळ्यात शेवटी. त्याआधी चार दारं ठोठावा.

खोडा. 'व्हेरी' खोडून वाक्य उभं राहतं का बघा. बहुतेक वेळा राहतं, आणि ताठ राहतं.

वाक्य जोडा किंवा सर्वनाम घाला. वरच्या 'सोशल मीडिया'च्या तुकड्यात हेच केलं.

शब्दाची जात बदला. एका वाक्यात क्रियापद, पुढच्या वाक्यात त्याचंच नाम. 'प्रायसेस रोज शार्पली. धिस राइज हिट स्मॉल शॉप्स फर्स्ट.' 'रोज'चा 'राइज' झाला आणि दोन वाक्यांना गाठ बसली. नुसतं 'धिस' लिहून पुढे जाणाऱ्यांनी ही युक्ती जरूर उचलावी. तुम्ही शब्दकुटुंबं मोजत असाल तर या बदलाने आकडा हलणार नाही. नाही हलला तरी करा.

नेमका शब्द शोधा. 'थिंग' म्हणजे नक्की काय? सवय, अडचण, कारण, वस्तू? जे असेल ते लिहा: 'हॅबिट', 'प्रॉब्लेम', 'रीझन', 'ऑब्जेक्ट'. 'इम्पॉर्टंट'चंही तसंच. त्याला सरसकट एक पर्याय नसतो, शेजारच्या नामावर सगळं ठरतं: 'मेन रीझन', 'मेजर डिसिजन', 'की रोल', 'व्हायटल ऑर्गन'. यांची अदलाबदल करून 'व्हायटल रीझन' लिहिलंत तर व्याकरण शाबूत राहतं, पण कानाला खटकतं.

मगच समानार्थी शब्द. तोही फक्त असा, जो तुम्ही वाचनात निदान दोन-तीनदा भेटलेला आहात. कोशात आजच पहिल्यांदा दिसलेला शब्द निबंधात नको, वहीत जाऊ द्या.

इशारा: 'प्लेथोरा' हा शब्द 'पुष्कळ' म्हणून सर्रास वापरला जातो. त्याचा मूळ रोख 'गरजेपेक्षा जास्त' असा आहे. 'स्लिम' आणि 'स्किनी' दोन्ही बारीक, पण एकात कौतुक आणि दुसऱ्यात टोमणा. 'चाइल्डलाइक' म्हणजे निरागस, 'चाइल्डिश' म्हणजे पोरकट. असे शब्द नमुना वाक्य वाचल्याशिवाय उचलू नका.

## टप्पा ७: शब्दांच्या जोड्या तपासा

मराठीतून विचार करणाऱ्यांची खरी परीक्षा इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

मराठीत 'करणे' हे एक क्रियापद अख्ख्या गावाचा भार उचलतं. आपण गृहपाठ करतो, चूक करतो, गुन्हा करतो, सर्वेक्षण करतो, शस्त्रक्रिया करतो. इंग्रजीत प्रत्येकाचं क्रियापद वेगळं: 'डू होमवर्क', 'मेक अ मिस्टेक', 'कमिट अ क्राइम', 'कंडक्ट अ सर्व्हे', 'परफॉर्म सर्जरी'. प्रयत्न आणि प्रगती यांनाही 'मेक' लागतं. 'डू एफर्ट्स' आणि 'डू प्रोग्रेस' हे आपलेच वाण. मदत करण्याला तर वेगळं क्रियापदच नको, 'हेल्प' पुरतं.

'देणे'चीही तीच कथा. परीक्षा आपण देतो, इंग्रजीत विद्यार्थी ती 'टेक' करतो किंवा 'सिट' करतो. 'गिव्ह'चं कर्तेपण परीक्षा घेणाऱ्याकडे जातं. म्हणजे 'आय गेव्ह द एक्झाम' वाचून परक्या वाचकाला तुम्ही शिक्षक वाटाल. लक्ष देणे म्हणजे 'पे अटेन्शन'. स्वप्न आपण पाहतो, इंग्रजीत ते 'हॅव' करतात. उलट निष्कर्ष मात्र दोन्ही भाषांत काढतात: चित्र काढायलाही 'ड्रॉ' आणि निष्कर्ष काढायलाही 'ड्रॉ'. असे योगायोग सापडले की वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, ते फुकटचे गुण आहेत.

तपासायची रीत अशी: निबंधातली सगळी नामं अधोरेखित करा. प्रत्येकाच्या मागचं क्रियापद आणि विशेषण बघा. मनात शंका आली की विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशात ते नाम काढा आणि त्याखालची उदाहरणं वाचा. क्रियापद शोधत बसू नका, कारण जोडी बहुधा नामाच्या पानावर सापडते. पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्रॉंग', हे 'रेन' आणि 'विंड'खाली पटकन मिळतं. 'हेवी'खाली शोधत राहाल.

तपासणी: हे तीन प्रश्न विचारा. नामाचं अनेकवचन होतं का? 'इन्फॉर्मेशन', 'अ‍ॅडव्हाइस', 'इक्विपमेंट', 'फर्निचर' यांचं होत नाही. क्रियापदापुढे प्रिपोझिशन लागतं का? 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको. आणि शब्दाचा सूर जुळतो का? निबंधात 'किड्स' सैल वाटतं, तर 'आय कमेन्स्ड रीडिंग द मेसेज' हे लग्नातला फेटा बांधून भाजी आणायला गेल्यासारखं.

## टप्पा ८: वही, आणि वहीतून लेखनात

ओळखता येणारे शब्द आणि हाताला येणारे शब्द यांत मोठी दरी असते. ती वाचून भरत नाही, वापरून भरते.

वहीत सुटा शब्द आणि त्याचा मराठी अर्थ असं लिहू नका. अख्खी घडी लिहा: 'रिझॉर्ट टू व्हायोलन्स', 'ऑन द व्हर्ज ऑफ', 'पोझ अ थ्रेट टू'. खाली स्वतःच्या विषयावरचं एक वाक्य. आठवड्याला पाच घड्या बास. पंचवीस लिहिणारे तिसऱ्या आठवड्यात वही हरवतात, हा माझा अनुभव आहे.

पुढच्या निबंधाला बसण्याआधी त्यातल्या दोनच निवडा आणि त्या नैसर्गिकपणे येतील अशी जागा शोधा. जागा नाही मिळाली तर सोडून द्या. घडी बसवण्यासाठी मुद्दा वाकवलेला लगेच कळतो. तीन वेगवेगळ्या निबंधांत चूक न करता वापरली गेली की तिच्यापुढे बरोबरची खूण करा आणि नवी घ्या.

परीक्षेत अर्थातच मोजदाद नसते. तिथे शेवटची दोन मिनिटं राखा आणि फक्त आळशी शब्द शोधा. शंका असलेला भारी शब्द त्या दोन मिनिटांत घालू नका; असलाच तर काढून टाका.

## टप्पा ९: पुन्हा मोजा

सहा ते आठ आठवड्यांनी त्याच अटींवर तीन नवे निबंध लिहा: तोच प्रकार, तीच लांबी, शब्दकोश नाही. जुने निबंध लिहिण्याआधी वाचू नका, त्यातले शब्द हाताला चिकटतात. टप्पा २ पासून सगळं पुन्हा करा आणि एका कागदावर तीन रकाने मांडा: विस्ताराचा आकडा, पहिल्या २००० च्या पलीकडच्या शब्दांचं प्रमाण, आणि टप्पा ७ मध्ये सापडलेल्या चुकीच्या जोड्या.

पहिले दोन वाढले आणि तिसराही वाढला, तर वेग जास्त झालाय. नव्या घड्या थांबवा आणि महिनाभर जुन्याच वापरा. पहिले दोन जागच्या जागी आणि तिसरा निम्म्यावर आला असेल, तर निराश होऊ नका; अचूकपणा आधी सुधारतो, विस्तार मागून येतो. तिन्ही जिथल्या तिथे असतील तर आधी वही उघडून खुणा मोजा. घड्या लिहिल्या गेल्या पण निबंधांत एकदाही आल्या नाहीत, असंच बहुतेक वेळा निघतं.